गालावरची रेघ

ती घटना आठवली की आजही माझा हात टेबलाच्या खणातल्या भिंगाकडे जातो. छोटंसं पितळी भिंग आहे, घडी घातली की काड्यापेटीएवढं होतं. बनारसी साड्यांच्या गादीवर व्यापारी ते कापडावर ठेवतात आणि एका इंचात किती धागे आहेत ते मोजतात. ते माझ्या खणात कसं आलं हे सांगायचं तर मला माझी एक मोठी चूक सांगावी लागेल. नोकरीत असताना ती मी कुणाजवळ बोललो नाही. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पेन्शन कुणी थांबवणार नाही, तेव्हा सांगून टाकतो.

मी झाशीचा. आमचं घराणं चार पिढ्या तिथलं, मराठी फक्त घरात बोलायची. उत्तर प्रदेश पोलिसात भरती झालो आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला बनारसच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्याचा प्रभारी म्हणून आलो. ब्रह्माघाटावर माझी आत्या राहायची. शाळेतली शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, जिभेची तिखट. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचं आणि तिनं 'तुझ्या ठाण्याचं काय चाललंय' म्हणून उलटतपासणी घ्यायची, हा आमचा नेम.

कार्तिक महिना सुरू होता. एका दुपारी महाराष्ट्रातल्या एका यात्रा कंपनीचा व्यवस्थापक घामाघूम होऊन ठाण्यात आला. त्याच्या तुकडीतली सत्तरीची एक आजी हरवली होती. सातारा जिल्ह्यातलं गाव, मराठीखेरीज भाषा येत नाही, कानानं कमी ऐकू येतं. सकाळी ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर सगळ्या मंडळींचा ग्रुप फोटो काढला, त्यानंतर शेजारच्या पंचगंगा घाटावर मोजदाद केली तर आजी नाहीत.

कार्तिकात माणसं हरवणं हे आमच्या ठाण्याचं रोजचं काम होतं. दीवानजी, म्हणजे ठाण्याचे मुन्शी, वही उघडून गुमशुदगी, म्हणजे हरवल्याची नोंद, लिहायला बसले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत मिळतील. बहुतेक मिळतातच. चुकलेला यात्रेकरू कुठल्यातरी देवळाच्या पायरीवर रडत बसलेला असतो. पण व्यवस्थापकानं खिशातून एक औषधाची पुडी काढली आणि ती टेबलावर ठेवली. आजींना फेफऱ्याचा आजार होता. गोळी रोज सकाळ-संध्याकाळ. गोळ्या धर्मशाळेत राहिल्या होत्या. एक-दोन वेळा चुकल्या तरी झटका येतो, असं त्यांच्या मुलानं बजावून सांगितलं होतं. झटका घाटाच्या पायरीवर आला तर खाली गंगा आहे, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळ झाली, आजी मिळाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक पुन्हा आला तो ग्रुप फोटो घेऊन. स्टुडिओवाल्यानं नुकताच दिला होता. पायऱ्यांवर चाळीसेक माणसं तीन रांगांत बसलेली, आणि त्यांच्या मागे, वरच्या पायऱ्यांवर, आजी. त्या रांगेत नव्हत्याच. एका माणसामागून चालल्या होत्या. माणूस अर्धा वळलेला, अंगावर गमछ्यासारखं काहीतरी, आणि त्याचा हात आजींच्या मनगटावर. चेहरा तुरीच्या डाळीएवढा. तरीही तो हात पाहिल्यावर मी त्याला चोर ठरवूनच टाकलं. आजींच्या गळ्यात बोरमाळ होती, हे मला व्यवस्थापकानं आधीच सांगितलं होतं.

फोटो घेऊन मी स्वतः स्टुडिओत गेलो. मालक पन्नाशीचा, ब्लॅक अँड व्हाइटच्या काळापासूनचा जुना कारागीर, पण वर्षभरापूर्वी त्यानं कॉम्प्युटर, स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर घेतला होता. आमच्या भागात हे पहिलंच. त्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर हळदकुंकू. मी म्हणालो, या माणसाचा चेहरा मोठा करून पाहिजे. तो सरळ बोलला, "साहब, कल शाम तक रुकिए, नेगेटिव से बना दूँगा. एकदम साफ."

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "कल नहीं. अभी. यह मशीन किसलिए रखी है?"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. तो काहीतरी सांगू पाहत होता आणि मी वर्दीत होतो. त्यानं फोटो स्कॅनरच्या झाकणाखाली ठेवला. मशीन दोनदा अडकली, मग त्यानं काहीतरी बारीकसारीक बदल केला आणि चित्र पडद्यावर आलं. चेहरा मोठा केला तर नुसत्या चौकोनी फरशा दिसू लागल्या. त्यानं बटणं दाबून त्या फरशा मऊ केल्या, कडा उठावदार केल्या, आणि हळूहळू तिथं एक माणूस तयार झाला. प्रिंटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत सातशे वीस लिहिलं होतं. इंचाला सातशे वीस ठिपके, असं तो अभिमानानं म्हणाला. मला वाटलं, सातशे वीस म्हणजे पुष्कळ झाले.

कागद घरघरत बाहेर आला. आडदांड चेहरा, खांद्यावर गमछा, मिशी, आणि डाव्या गालावर कानापासून मिशीपर्यंत आडवी फिकट रेघ. जुन्या जखमेचा व्रण. माझ्याबरोबरचा शिपाई म्हणाला, सर, याला तर लगेच धरता येईल. मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते.

आजींचा यात्रेच्या अर्जावरचा तिकिटाएवढा फोटोही त्यानं तसाच मोठा करून दिला. दोन्ही चेहरे एका कागदावर लावले, खाली 'गुमशुदा' आणि 'संदिग्ध' असं लिहिलं, आणि समोरच्या दुकानात शंभरेक झेरॉक्स काढल्या. दुपारपर्यंत राजघाटापासून दशाश्वमेधपर्यंत भिंती रंगल्या. एका उत्साही शिपायानं तर नावेतून जाऊन बुरुजांवरही चिकटवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्या आला. तो चहाच्या गाडीवर बसणारा माणूस, बातमीसाठी कधी पैसे मागायचा नाही, त्याला फक्त साहेबांनी आपल्याला ओळखावं एवढीच हौस. म्हणाला, गालावर चीर असलेला नावाडी आहे, गायघाटाकडे राहतो. तासाभरात नावाडी माझ्यासमोर उभा होता. पंचेचाळिशीचा, हाडापेरानं मजबूत. आणि डाव्या गालावर, कानापासून मिशीपर्यंत, आडवा व्रण. ताणलेला दोर तुटून लागला होता, असं तो म्हणाला. मी झेरॉक्स त्याच्या चेहऱ्याशेजारी धरली. माझ्या मनातला खटला तिथंच निकाली निघाला.

चौकशीची माझी एक पद्धत होती. मी ओरडत नसे. माणसाला त्याचा दिवस संध्याकाळपासून सकाळकडे उलटा सांगायला लावायचो. खरं बोलणारा उलटं सांगतानाही अडखळत नाही, कारण तो आठवत असतो. रचलेलं सांगणारा अडखळतो, कारण तो पाठ म्हणत असतो. नावाडी अडखळला. त्या दिवशी सकाळी तो नावेवर होता असं म्हणाला, पण नाव घाटाला बांधलेली होती आणि ती रिकामी पाहणारे दोघे होते. मग म्हणाला घरी होतो. बायको म्हणाली घरी नव्हते.

"साहब, हम ऊ माई को देखे ही नहीं हैं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कुठं होतास, या प्रश्नाला उत्तर नाही. मी सकाळपासून उपाशी होतो, आजींच्या किती गोळ्या चुकल्या हे मनात मोजत होतो. माझा हात उठला आणि लागला. त्याच गालावर. त्यानं हात जोडले नाहीत की आरडाओरडा केला नाही, फक्त मान खाली घातली. त्याला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं होतं. मी त्याची अटक रोजनामच्यात दाखवलीच नाही. 'चौकशीसाठी बसवून ठेवला', ही आमची जुनी पळवाट.

त्याच दुपारी आजींचा मुलगा येऊन पोहोचला. तालुक्याच्या गावी बँकेत कारकून, चाळिशीचा, प्रवासानं डोळे तारवटलेले. तो आला आणि पाठोपाठ राजघाटच्या पुलाकडून निरोप आला, एका वृद्ध बाईचा मृतदेह लागला आहे. त्याला जीपमध्ये घालून नेलं. रस्ताभर तो औषधाची पुडी दोन्ही हातांत धरून बसला होता. त्या बाईच्या अंगावरची चादर बाजूला केली तेव्हा त्यानं एक नजर टाकली आणि तो तिथंच वाळूत बसला. आई नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी होती. परत येताना त्याला रडू फुटलं.

ठाण्यात आल्यावर त्यानं भिंतीवरचा कागद पाहिला. जवळ गेला. मग मला म्हणाला, "साहेब, आईच्या कपाळाला ही रेघ कसली? तिच्या कपाळाला असलं काय न्हाई."

मी म्हणालो, आठी असेल, झेरॉक्समध्ये अशी दिसते. त्यानं खिशातून एक फोटो काढला, घरच्या सत्यनारायणाच्या वेळचा, स्टुडिओत काढलेला, स्वच्छ. हा लावा म्हणाला. मी म्हणालो, कागद सगळीकडे लागले आहेत, आता माणूसही हातात आहे, बोलता झाला की आई मिळेल. त्यानं फोटो परत खिशात ठेवला. पोलीस खात्यात माणूस हळूहळू बहिरा होतो, आजींपेक्षाही जास्त.

चौथ्या दिवशीही नावाडी गप्प. मी त्याची नाव उचकटून पाहिली, घर पाहिलं, बोरमाळ कुठं विकली म्हणून सराफांकडे माणसं पाठवली. काही नाही. माझी झोप उडाली होती. आजी जिवंत असतील तर कुठंतरी बंद दाराआड आहेत, आणि दाराची किल्ली या माणसाच्या तोंडात आहे, असंच मला वाटत होतं. तो रविवार होता. जेवायला यायला उशीर झाला म्हणून आत्यानं बोलणी खाऊ घातली, आणि वाढता वाढता विचारलं, तो गुन्हेगार बोलला का. मी नाही म्हणालो.

"तुझं ते पोस्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलंय," आत्या म्हणाली. "मला एक सांग. त्या बाईच्या कपाळावर आणि त्या माणसाच्या गालावर एकाच जातीची रेघ कशी? दोघांना एकाच चाकूनं मारलं का?"

माझा घास हातात राहिला. मुलानं जे विचारलं होतं तेच आत्या विचारत होती, आणि आता ते मला ऐकू आलं.

हात धुऊन मी तसाच ठाण्यात गेलो आणि स्टुडिओतले दोन्ही मूळ कागद काढले. वाटेत एका ओळखीच्या साडी व्यापाऱ्याच्या गादीवरून हे भिंग मागून घेतलं होतं. कागदावर ठेवलं आणि वाकून पाहिलं. चेहरा नाहीसा झाला. नुसते रंगीत ठिपके, विणलेल्या कापडासारखे. आणि त्या विणीत ठरावीक अंतरावर एकेक ओळ गाळलेली. तिथं शाईच नाही, नुसता कागद. मी पट्टी घेऊन मोजलं. बोटभर अंतरावर एक, परत बोटभर अंतरावर एक, कागदाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत. आजींच्या कागदावरही तेवढंच अंतर.

नावाड्याचा म्हणून मी ज्या चेहऱ्याकडे तीन दिवस पाहत होतो त्यावर अशा चार रेघा होत्या. केसांतली रेघ मला तेलाची चमक वाटली होती. भुवईखालची सावलीत बुडाली होती. गळ्यापाशी आली ती गमछ्याची घडी समजलो होतो. मागच्या पांढऱ्या भिंतीवर मुळात शाई नव्हती, म्हणून तिथं ती दिसतच नव्हती. गालावर आली तेव्हा मात्र मी तिला व्रण म्हणालो, कारण मला व्रणच हवा होता. कोठडीच्या गजाशी जाऊन पाहिलं तर नावाडी भिंतीला टेकून बसला होता, गालावर माझ्या बोटांची सूज.

स्टुडिओवाल्याला घरून उठवून आणला. त्यानं भिंगातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. प्रिंटरच्या डोक्याचं एक छिद्र सुकलं होतं. एकच छिद्र, पण डोकं प्रत्येक फेऱ्याला तेवढी ओळ गाळत जातं. मी त्याला विचारलं, रेघेचं जाऊ दे, चेहरा तरी खरा आहे का? तो ओशाळून म्हणाला, "साहब, मशीन को जितना बिंदु मिला, उतना ही असली है. बीच का सब उसने अपने मन से भरा है."

मग त्यानं मला जे समजावलं ते साडीच्या भाषेत समजावलं, म्हणून माझ्या डोक्यात शिरलं. प्रिंटर इंचाला सातशे वीस ठिपके टाकतो, ही प्रिंटरची ऐपत. चित्रात मुळात किती आहे, हा वेगळा हिशेब. मशीन अडकत होती म्हणून त्यानं फोटो अगदी विरळ मोजणीवर स्कॅन केला होता, इंचाला पाऊणशे बिंदूंवर. डाळीएवढ्या चेहऱ्याला त्यातले पुरते दहासुद्धा आले नसतील. दहा धाग्यांचं फडकं ताणून चादरीएवढं केलं तर मधल्या जागी धागे येणार कुठून? कॉम्प्युटरनं शेजारच्या दोन रंगांचा मेळ घालून ते भरले. नाक, मिशी, आडदांड जबडा, सगळं भरलेलं. वर तो कागद साधा, शाई शोषून पसरवणारा. त्यावर झेरॉक्स.

"और नेगेटिव में?" मी विचारलं.

"उसमें सब है, साहब," तो म्हणाला. "जो काँच ने देखा, सब."

अर्ध्या तासात आम्ही त्याच्या डार्करूममध्ये होतो. लाल दिवा, फोटो धुवायच्या औषधाचा उग्र वास. निगेटिव्ह तळहाताच्या मधल्या भागाएवढी मोठी होती, जुन्या कॅमेऱ्याची. त्यानं फोटो मोठा करायच्या यंत्राचं डोकं जवळजवळ छतापर्यंत नेलं आणि फक्त मागच्या दोघांवर उजेड पाडला. कागद ट्रेमध्ये हलवू लागला. पांढऱ्या कागदावर आधी पायऱ्या आल्या, मग आजींचं लुगडं, मग तो माणूस. चेहरा आला. पंचविशीचा, गोल, गुळगुळीत. मिशी नाही, व्रण नाही. कोठडीतल्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

तो ओला फोटो वर्तमानपत्रात धरून मी आत्याकडे नेला, कारण त्या माणसाच्या हातात काहीतरी झाकलेलं होतं आणि ते काय ते मला कळत नव्हतं. आत्यानं चष्मा चढवला आणि माझ्यावरच डाफरली.

"याला नावाडी म्हणालास तू? हा सोवळ्यात आहे. मुकटा नेसलाय, दिसत नाही? हातात नैवेद्याचं ताट आहे. सोवळ्यातला माणूस परक्या बाईचा हात धरेल का रे?"

मी म्हणालो, पण धरलाय ना. तिनं बोट ठेवलं. त्याचा हात आणि आजींचं मनगट यांच्यामध्ये चार बोटांची जागा होती. त्या जागेतून मागची पायरी स्वच्छ दिसत होती. पंजा उघडा होता. तो आजींना ओढत नव्हता. 'शिवू नका, लांब राहा' म्हणत होता. विरळ बिंदूंमध्ये ती चार बोटं नाहीशी झाली होती, आणि दूर राहा म्हणणारा हात माझ्याकडे येईपर्यंत पकडणारा झाला होता.

आत्या त्याला ओळखत होती. ब्रह्माघाटावरच्या एका घरून मंगला गौरीजवळच्या छोट्या देवळात रोज नैवेद्य जातो. गल्लीत गर्दीचा धक्का लागतो, विटाळ होतो, म्हणून तो मुलगा घाटाच्या पायऱ्यांनी जातो. पाच मिनिटांत आम्ही त्याच्या दारात होतो. माझी वर्दी पाहून त्याची बोबडीच वळली. हो म्हणाला, एक आजी मागून येत होत्या, मराठीत काहीतरी विचारत होत्या. आपण त्यांना म्हटलं, शिवू नका, ताट आहे. त्या देवळाच्या वळणापर्यंत मागून आल्या. दर्शनाला निघाल्या असतील असं वाटलं. मागं वळून पाहिलं नाही. पोस्टर पाहिलं होतं का? रोज पाहत होता. पण त्यात तर कुणी गाल फाटलेला नावाडी दिसत होता, तो आपण आहोत हे त्याला कसं कळावं?

त्या वळणाच्या गल्लीत तेरा दारं होती. मी आजींच्या मुलाला बोलावून बरोबर घेतलं आणि त्याच्या खिशातला सत्यनारायणाचा फोटो मागून घेतला. पहिल्या दोन दारांत नाही म्हणाले. तिसऱ्या दारात गजरे करणारी एक विधवा राहत होती, एकटी. तिनं फोटो पाहिला आणि लगेच आत वळून पाहिलं. "ई त हमरे इहाँ हईं," ती म्हणाली, आणि घाबरून पुढे म्हणाली, "हम चोराय के ना रखले हईं, साहेब."

मुलगा मला ढकलून आत गेला. आजी बाजेवर होत्या, बोरमाळ गळ्यातच. पहिल्याच संध्याकाळी झटका आला होता, या बाईच्या उंबऱ्यावर. त्यानंतर दोनदा. जीभ चावली गेली होती, बोलणं समजत नव्हतं, आणि समजलं असतं तरी मराठी तिला कुठं येत होती? तिनं चार दिवस चमच्यानं दूध पाजलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पोस्टर होतं. शेजारणीला घेऊन ती दोनदा पाहून आली होती. पण त्या बाईच्या कपाळावर मोठी खूण, हिच्या कपाळावर काही नाही. शिवाय शेजारी बदमाशाचं तोंड. दोघींनी ठरवलं, ही ती नव्हे, उगाच पोलीस घरात कशाला.

आजींना रुग्णालयात हलवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. दोन दिवसांनी त्यांची जीभ सुधारली तेव्हा मी भेटायला गेलो. मुलानं मोठ्यानं विचारलं, आई, तू त्याच्या मागं का गेलीस? आजी म्हणाल्या, "आपल्यातला दिसला. म्हटलं, वाट इचारावी. पर सोवळ्यात होता, म्हून लांबूनच चालले."

त्या सातारच्या आजींना जेवढं दिसलं होतं तेवढं माझ्या सातशे वीस ठिपक्यांना दिसलं नव्हतं.

पण माझं खरं काम अजून राहिलं होतं. आजी सापडल्या त्याच संध्याकाळी मी नावाड्याला सोडलं. खुर्ची दिली, चहा मागवला. तो उभाच राहिला. मी विचारलं, आता तरी सांग, कुठं होतास? तेव्हा त्यानं सांगितलं. मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा रामनगरला एका दुकानात कामाला होता. नावाडी त्या सकाळी तिथं जाऊन समोरच्या बाकावर दोन तास बसला होता, कुणाला न सांगता, मुलगा गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, चिडतो का, ते बघायला. हे सांगितलं असतं तर पोलीस पडताळणीला त्या दुकानात गेले असते आणि ठरत आलेलं लग्न मोडलं असतं. म्हणून त्यानं माझी चपराक खाल्ली आणि तोंड उघडलं नाही. मोडायचं ते मोडलंच. पोस्टर रामनगरपर्यंत बोभाटा करत गेलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला होता.

मी म्हणालो, मी स्वतः जातो, त्यांना सांगतो. तो पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलला, "आप वहाँ मत जाइए, साहब. दारोगा जिसकी सफाई देने आए, उस घर में कौन बेटा देगा?" मग म्हणाला, "जितना चिपकवाए हैं, उतना उखड़वा दीजिए. बस."

शिपायांना सांगून हे काम झालं असतं. मी सांगितलं नाही. तीन दिवस साध्या कपड्यांत, लोखंडी उलथणं आणि पाण्याची बादली घेऊन मी गल्ल्या फिरलो. लोक पाहायचे, कुणी ओळखायचे, दीवानजी तर लाजेनं बघेनासे झाले. खळ चांगली लागली होती, कागद सहज सुटायचा नाही. प्रत्येक ठिकाणी तो फिकट व्रण नखाखाली यायचा.

शेवटचा एक राहिला तो ब्रह्माघाटाखालच्या बुरुजावर. उत्साही शिपायानं नावेतून लावलेला. पायऱ्यांवरून हात पोचेना. मी खाली उभा राहून विचार करत होतो, तेवढ्यात वल्ह्याचा आवाज आला. नावाडी नाव घेऊन आला होता. बसा, असंही म्हणाला नाही, नाव नुसती पायरीला लावली. मी चढलो. त्यानं ती बुरुजाला टेकवली आणि वल्हं दगडात रोवून स्थिर धरली.

नोकरीत पुढे मी शेकडो फोटो पाहिले. प्रत्येक वेळी हे भिंग काढून आधी विचारत राहिलो, यातलं खरोखर टिपलेलं किती आणि मागून भरलेलं किती. साक्षीदाराचा जबाब ऐकतानाही तोच प्रश्न मनात यायचा. डाळीएवढं पाहिलेलं असतं, बाकीचं माणूस शेजारच्या रंगांवरून भरतो, आणि शपथेवर सांगतो. पोलीस अधिकारी सगळ्यात जास्त भरतो, कारण त्याला घाई असते. हे मला शिकायला एका निरपराध माणसाचा गाल लागला. त्याच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं. मला बोलावणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

त्या दिवशी बुरुजावरचा कागद अर्धा निघाला आणि चेहऱ्याचा तुकडा दगडाला चिकटून राहिला. मी उलथण्यानं खरवडत होतो. नावाडी खालून बघत होता. बराच वेळ झाल्यावर तो हळूच म्हणाला, "साहब, गाल अभी बाकी है."

मी पुन्हा खरवडायला लागलो.